व्हाळाचं तोंड: कारवार तालुक्यातल्या एका किनाऱ्याचं प्रकरण

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत समुद्राकडे वळतात. गोवा पालकांना नको असतो, मालवण-वेंगुर्ला दरवर्षीचं झालेलं असतं, मग गोकर्ण-मुर्डेश्वर-कारवार असा फेरा ठरतो. रात्री जेवणं उरकून गाडी सुटते, हुबळी-अंकोला रस्त्याने अरबैल घाट उतरते आणि फटफटायच्या सुमारास मुलं किनाऱ्यावर असतात. अशाच एका सहलीहून परतलेली बरीच मुलं दोन-तीन दिवसांत आजारी पडली. जुलाब, उलट्या, काहींचे कान ठणकू लागले, काहींच्या पोटऱ्यांवर पुरळ उठलं. पालकांनी हॉटेलच्या जेवणावर बोट ठेवलं. सहलीत काही बिघडलं की पुलाव हा पहिला आरोपी.

मी बेळगावात महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. मुख्याध्यापकांचा फोन आला तो "सर, पुलाव तपासून मिळेल काय?" एवढंच विचारायला. पुलाव कधीच संपला होता. त्याऐवजी मी त्यांना एक वही करायला सांगितली. प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन रकाने: काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं, पाण्यात कुठे खेळलं. चौथ्यात आजारी पडलं की नाही.

वही आली आणि पुलाव निर्दोष सुटला. तो सगळ्यांनीच खाल्ला होता, शिक्षकांनीसुद्धा. पिण्याचे कॅन गाडीतून नेलेले, तेही सगळ्यांना सारखेच. फरक तिसऱ्या रकान्यात होता. मोठी मुलं समुद्रात गेली होती. पाचवी-सहावीच्या मुलांना लाटांचा धोका नको म्हणून शिक्षकांनी किनाऱ्याच्या टोकाला, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडाशी साचलेल्या उथळ पाण्यात सोडलं होतं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी, लाट नाही, खाली मऊ वाळू. आजारी पडलेल्यांत बहुतेक हीच लहान मुलं होती. म्हणजे ज्यांना काळजीने सुरक्षित जागी ठेवलं, नेमकी तीच.

एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. लहान मुलं आजारी लवकर पडतात आणि खेळताना पाणीही जास्त गिळतात. पण कान ठणकणं आणि पोटऱ्यांवरचं पुरळ पुलावाने होत नाही. कुठे जाऊन बघायचं, ते मात्र कळलं.

जागा

किनाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही. एकाचं नाव घेतलं की शेजारचे आपोआप स्वच्छ ठरतात, आणि तसं काही नाही. शिवाय तिथल्या टपरीवाल्यांचं पोट त्यावर आहे. एवढं सांगतो की गाव कारवार तालुक्यातला आहे आणि तिथे कोंकणी-मराठी सहज चालते. बेळगावसारखाच हा जिल्हाही १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. बेळगावची गाडी दिसली की टपरीवरची मावशी "या सर, चहा टाकू काय?" म्हणून मराठीतच सुरू करते.

समुद्राकडून गावाकडे चालत गेलं तर आधी सुरूचं बन, मग माडांच्या बागा, त्यामागे शेतं, आणि या सगळ्यातून वळत येणारा एक व्हाळ. पावसाळ्यात तो थेट समुद्राला मिळतो. पाऊस ओसरला की व्हाळाचा जोर कमी होतो, लाटा वाळू आणून टाकत राहतात आणि दिवाळी उलटली की तोंडावर वाळूचा बांध उभा राहतो. मागे डबकं साचतं. त्यातलं थोडं पाणी वाळूतून झिरपतं, थोडं आटतं, उधाणाच्या भरतीला कधी समुद्राचं पाणी बांधावरून आत पडतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या लहान ओहोळांचं हे नेहमीचंच वागणं आहे, त्यात वावगं काही नाही. वावगं असतं ते त्यात काय येऊन मिळतं, ते.

जानेवारीअखेर मी गेलो तेव्हा डबक्याचं पाणी वरून छान दिसत होतं. आकाश त्यात उतरलं होतं, काठाला दोन बगळे होते. काठाची वाळू बोटाने उकरली तर वरचा पिवळा थर कसाबसा नखाएवढा, खाली काळं. त्याला कुजक्या अंड्याचा वास. पाण्यात सेंद्रिय घाण इतकी येत होती की तळाला प्राणवायू उरत नव्हता, आणि प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करत होते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, त्यामुळे अशा डबक्यात हा वास लवकर येतो. प्रयोगशाळेत जायच्या आधीच नाकाने अर्धा अहवाल दिला होता.

पहाटेची गाडी

आता शौचालयाकडे येतो, कारण या प्रकरणाचं मूळ तिथे आहे. किनाऱ्यावर पर्यटकांसाठी एकच इमारत, चार भांड्यांची: दोन बायकांकडे, दोन पुरुषांकडे. राखणदार सकाळी आठला येऊन कुलूप काढायचा. गाड्या यायच्या साडेपाच-सहाला.

साधा हिशेब करा. एका गाडीत पन्नास माणसं धरू. प्रत्येकाला चार मिनिटं लागतात असं धरलं तर चार भांडी तासाला साठ माणसं काढतात. तीन गाड्या एकदम आल्या तर शेवटच्याची पाळी अडीच तासांनी. त्यात मुलींची संख्या जास्त असेल तर बायकांकडच्या दोन भांड्यांवर तासाला तीसच. रात्रभर गाडीत बसून आलेल्या मुलीने अडीच तास थांबायचं कसं? तेही दार उघडं असेल तर. आठपर्यंत ते बंदच. मग सगळे सुरूच्या बनात जातात. मोठी माणसं लांब जातात, मुलं जवळ बसतात, आणि धुवायला सगळ्यात सोयीचं पाणी म्हणजे व्हाळाचं डबकं. बेळगावकडच्या कुणाला हे वाचून राग आला तर येऊ दे. सहलीच्या गाड्या आपल्याच असतात.

टपरीवरच्या मावशींनी हे माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं. "तुमची पोरं येतात सकाळी, आणि आमी झाडू घेऊन जातो नऊला. मधल्या वेळेचं कोण बघत नाही."

पण बनात बसणाऱ्यांवर सगळं ढकलून चालणार नव्हतं. सुरूच्या पानांत पडलेली विष्ठा उन्हाने वाळते आणि डबक्यात रोज थोडी जाते. काळ्या वाळूला पुरेल एवढी घाण दुसरीकडून येत असणार. शौचालयाच्या मागे सेप्टिक टाकी होती, तिच्या पुढे शोषखड्डा. आता समुद्राकाठी हातभर वाळू उकरली की पाणी लागतं. शोषखड्ड्याचा तळ आणि भूजल यांच्यामध्ये निदान दोन मीटर कोरडी माती हवी, असं ग्रामीण शौचालयांचं मार्गदर्शन सांगतं. इथे दोन फूटही नव्हती. अशा ठिकाणी खड्डा पाणी शोषत नाही, उलट भूजलच खड्ड्यात येऊन बसतं. मग टाकीतून आलेलं पाणी कुठे जाणार?

टाकीचंही गणित बिघडलेलं होतं. सेप्टिक टाकीत मैला निवळायला पाणी दिवसभर तरी स्थिर राहावं लागतं, चोवीस तासांपासून अठ्ठेचाळीस तासांपर्यंत. सुटीच्या दिवशी दीडशे माणसांनी माणशी सहा लिटर पाणी ओतलं तरी नऊशे लिटर दोन-अडीच तासांत आत जातं. लहान टाकीत तेवढा धक्का बसला की तळाचा गाळ ढवळून बाहेर पडतो. ती टाकी शेवटची कधी उपसली, ते गावात कुणालाच आठवत नव्हतं.

हिरवं पाणी

फ्लुरोसीन नावाचा एक रंग असतो. कोरडा असताना विटकरी-नारिंगी भुकटी, पाण्यात पडला की झगझगीत हिरवा. थोड्या प्रमाणात निरुपद्रवी. डोळ्यांचे डॉक्टरही तो वापरतात. पाणी कुठून कुठे जातं ते शोधायला भूजलवाले आणि गटारांची कामं करणारे पुष्कळ वर्षं वापरत आलेत. गावात आधी सांगून ठेवलं, नाहीतर व्हाळात विष कालवलं अशी बोंब व्हायला वेळ लागत नाही. मग शौचालयाच्या दोन भांड्यांत रंग घालून बादल्यांनी पाणी ओतलं आणि व्हाळाच्या काठाने चालत राहिलो.

मला वाटलं होतं की रंग वाळूतून झिरपत दुसऱ्या दिवशी कुठेतरी फिकट दिसेल. तसं झालं नाही. केवड्याच्या जाळीखालून, व्हाळाच्या काठाला अगदी पाण्याच्या पातळीत, एक चार इंची पाइप आला होता. वर सुरूच्या पानांचा थर, त्यामुळे दिसत नव्हता. चहा पिऊन होईतो त्यातून हिरवी धार लागली. सोबत आलेला माझा विद्यार्थी पाण्यात उतरायला निघाला होता, तो तिथेच थबकला.

पाइप कुणी टाकला? शौचालय तुंबायला लागलं तेव्हा कुणीतरी तोडगा काढला असणार. शोषखड्डा भरतो, भांड्यातून पाणी वर येतं, पर्यटक शिव्या देतात, तेव्हा गवंड्याला सांगून टाकीपासून व्हाळापर्यंत पाइप काढणं ही त्याला सुचणारी सगळ्यात स्वस्त गोष्ट. मी यात कुणाचा दुष्टपणा पाहत नाही. कोरड्या मातीसाठीचा नकाशा उचलून वाळूत बांधलेल्या इमारतीचं याहून वेगळं काही होत नसतं.

किती घाण म्हणजे घाण

समुद्राचं पाणी कशासाठी वापरायचं त्यावरून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याचे पाच वर्ग केलेत. आंघोळ, पोहणं, पाण्यातले खेळ आणि व्यावसायिक मासेमारी यांचा वर्ग दुसरा, एसडब्ल्यू-दोन. त्याच्या अटी: विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे, घाणीची खूण मानले जाणारे) जिवाणू १०० मिलिलिटरमागे १०० पर्यंत, विद्राव्य प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम, बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅमपर्यंत, गढूळपणा ३० एनटीयूपर्यंत, सामू ६.५ ते ८.५. पाण्याला रंग-वास जाणवता कामा नये, वर काही ओंगळ तरंगता कामा नये.

नदीत आंघोळीसाठी हीच मर्यादा बरीच सैल आहे. तिथे विष्ठाजन्य कोलिफॉर्म ५०० असावेत अशी अपेक्षा, आणि २५०० पर्यंत चालवून घेतात. खानापूरला मलप्रभेच्या घाटावर डुबकी मारणाऱ्याला एक माप आणि कारवारला समुद्रात उतरणाऱ्याला दुसरं. पोटातल्या जंतूंना हा फरक कळत नाही; पण नियम असे आहेत.

ब्लू फ्लॅगचं मोजमाप आणखी वेगळं. स्वच्छ किनाऱ्यांसाठी डेन्मार्कहून चालणाऱ्या या मानांकनात ३३ निकष आहेत. पाण्यासाठी ई. कोलाय १०० मिलिलिटरमागे २५० आणि एन्टरोकॉकाय १०० ही सीमा आहे; दोन्ही आतड्यांत राहणारे जिवाणू. दोन नमुन्यांत ३१ दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. भारतातल्या आठ किनाऱ्यांना हे मानांकन पहिल्यांदा ऑक्टोबर २०२० मध्ये मिळालं, त्यातले दोन कर्नाटकातले: उडुपी जिल्ह्यातला पडुबिद्री आणि आमच्या या किनाऱ्याच्याच जिल्ह्यातला, होन्नावरजवळचा कासरकोड. एन्टरोकॉकाय मोजण्यामागे कारण आहे. खारट पाण्यात आणि उन्हात ई. कोलाय लवकर मरतात, एन्टरोकॉकाय जास्त टिकतात. त्यामुळे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८६ मध्येच समुद्रासाठी एन्टरोकॉकाय सुचवले होते. आपल्या एसडब्ल्यू-दोनमध्ये अजून कोलिफॉर्मच आहेत.

नमुना घेणं ही दिसते तेवढी सोपी गोष्ट नाही. बाटली निर्जंतुक हवी. कमरेएवढ्या पाण्यात जायचं, येणाऱ्या पाण्याकडे तोंड करायचं, बाटली उलटी धरून वीतभर-दीडवीत खाली न्यायची, तिथे सरळ करून भरायची, वर थोडी हवा ठेवायची, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. मग बर्फाच्या पेटीत. सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची, आणि अनशीच्या वाटेने बेळगावला यायचं म्हटलं तर त्यातला मोठा वाटा घाटातच जातो. म्हणून कारवारातल्याच एका महाविद्यालयाची प्रयोगशाळा मागून घेतली. पुढे नळ्यांची रांग: पातळ-दाट तीन प्रमाणं, प्रत्येकी तीन नळ्या, प्रत्येक नळीत एक छोटी उलटी ड्यूरॅम नळी. जिवाणू वाढले की त्या छोट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. मग ४४.५ अंशांवर पुन्हा वाढवायचं, म्हणजे मातीतले सोबती गळून विष्ठेतले उरतात. कोणत्या नळ्यांत बुडबुडा आला ते कोष्टकात बघून अंदाज काढायचा. नवीच्या नवी नळ्यांत आला तर कोष्टक एवढंच सांगतं: १०० मिलिलिटरमागे ११०० पेक्षा जास्त. किती जास्त, ते सांगत नाही.

डबक्याच्या नमुन्याने कोष्टक असंच संपवलं. आणि तिथून शे-दोनशे पावलांवर, जिथे लोक पोहतात, तिथल्या समुद्राचा नमुना मर्यादेच्या आत आला.

हा दुसरा निकाल ऐकून गावात सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही. बांध मध्ये असेपर्यंत समुद्र स्वच्छ निघणारच होता. फेब्रुवारीत, स्वच्छ हवेत, दुपारच्या उन्हानंतर, भरतीला, पोहण्याच्या जागेवर नमुना घ्या. यापेक्षा समुद्राला सोयीची परीक्षा कुठली नाही. किनारे तपासणारे बहुतेक वेळा अशाच दिवशी जातात, कारण माणसाला पावसात बाटल्या घेऊन पाण्यात उतरायला आवडत नाही. महिन्याला एक नमुना म्हणजे वर्षाला बारा. बांध फुटतो तो दिवस त्या बारांत येण्याचा संभव किती, ते तुम्हीच काढा.

वळिवाचा दिवस

मेच्या उत्तरार्धात किनाऱ्यावर वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी असते. शाळांना सुटी, लग्नं आटोपलेली, पाऊस यायच्या आत एकदा समुद्र बघून घ्यायचा म्हणून बेळगाव-धारवाडकडच्या गाड्या. याच दिवसांत वळीव पडतो. एका रात्रीत व्हाळ फुगतो, डबकं पसरतं आणि मागे माडांच्या बागेत शिरतं.

मग बागवाले फावडी घेऊन येतात आणि बांधाला चर पाडतात. हाताएवढी रुंद चर पुरते, बाकीचं काम पाणीच करतं. बघता बघता काठ ढासळतात आणि महिनोन्‌महिने साचलेलं सगळं काळं पाणी समुद्रात धाड्‌दिशी उतरतं. ओहोटी असेल तर आणखी जोरात. त्या दिवशी आम्ही नारळाची चार सोडणं व्हाळाच्या तोंडाशी टाकून त्यांच्या मागोमाग किनाऱ्याने चाललो. सोडणं आत खोल गेली नाहीत. लाटांच्या रेषेला धरून दक्षिणेकडे सरकत गेली आणि दोरी बांधून आखलेल्या पोहण्याच्या जागेत जाऊन घोटाळत राहिली. तिथे तेव्हा माणसं होती. पाणी किंचित चहाच्या रंगाचं झालं होतं. त्यांना वाटलं पावसाने गढूळ झालंय. नमुना मर्यादेच्या कितीतरी वर निघाला. पुढचे दोन दिवस तो हळूहळू उतरत गेला.

कॅलिफोर्नियात पावसानंतर बहात्तर तास समुद्रात उतरू नका अशी सरसकट सूचना असते, ती याचसाठी. आपल्याकडे तशी सूचना सहसा कुणी देत नाही. लाल बावटा लागतो तो लाटा मोठ्या असल्या तर.

बागवाल्यांशी बोलणं सोपं नव्हतं. पहिल्यांदा त्यांना वाटलं आम्ही बांध फोडायला बंदी आणायला आलोय. "माडाच्या मुळात चार दिवस पाणी उभं राहिलं तर काय होतं ठाऊक आहे काय तुम्हाला? शेंगा अजून काढायच्या आहेत. तुमच्या पोहण्यासाठी आम्ही बुडायचं?" त्यांचं म्हणणं खरं होतं. बांध फोडायलाच हवा. प्रश्न होता कधी फोडायचा आणि कुणाला सांगून, एवढाच.

ठरलं ते

अर्ज कन्नडमध्ये द्यायचा होता. तो धारवाडकडच्या एका सहकाऱ्याने लिहून दिला. सोबत पाइपचा फोटो जोडला. माझ्या अनुभवात तक्त्यांनी भरलेल्या अहवालापेक्षा एक फोटो जास्त काम करतो. हिरव्या पाण्याचा फोटो पंचायतीच्या पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) टेबलावर ठेवला आणि बराच वेळ कुणी आकड्यांबद्दल विचारलंच नाही.

पाइप बंद झाला, तो लगेच. पण पाइप बंद केला की शौचालय तुंबणार, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून टाकी उपसली, शोषखड्ड्याचा नाद सोडला आणि शौचालयाचं पाणी सुरूच्या बनामागे जरा उंच जागी मातीचा भराव घालून त्यात सोडायचं ठरलं. उंचवटा केला की कोरडी माती मिळते; समुद्राकाठच्या सपाट जागी हाच मार्ग. दाराचं कुलूप पहाटे पाचला उघडायचं ठरलं. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण राखणदाराच्या तीन जादा तासांचे पैसे कुणी द्यायचे यावर सगळ्यात जास्त वाद झाला. शेवटी टपरीवाल्यांनी शौचालय वापरणाऱ्यांकडून माणशी पाच रुपये गोळा करायचा जिम्मा घेतला आणि मावशींच्या भाच्याने पहाटेची पाळी. भांडी चारच आहेत. नवं बांधकाम म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा, समुद्राकाठच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, प्रश्न येतो. २०१९ च्या अधिसूचनेत भरतीरेषेपासून दहा मीटर सोडून तात्पुरती शौचालयं आणि कपडे बदलायच्या खोल्या बसवता येतात, आणि पंचायत त्या वाटेने हंगामापुरती आणखी भांडी आणायच्या विचारात आहे.

बागवाल्यांचं असं ठरलं: बांध फोडायच्या आदल्या संध्याकाळी टपऱ्यांवर सांगायचं. शक्यतो सुटीचा वार टाळायचा, पहाटेच्या ओहोटीला फोडायचा, म्हणजे लोक यायच्या आत पहिला लोंढा निघून जातो. त्या दिवसापासून तीन दिवस पोहण्याच्या दोरीला लाल बावटा. पोहण्याची जागा उत्तरेकडे सरकवायची. आणि डबक्याच्या काठी फलक: इथे उतरू नका. फलक कन्नड, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत हवा यावर पंचायतीत कुणी नाक मुरडलं नाही. सीमाभागात हे वाचून काहींच्या भुवया वर जातील. कारवारकडे गिऱ्हाईक कुठून येतं ते लोक बघतात.

बेळगावच्या बाजूला मुख्याध्यापकांनी इतर शाळांना एक पत्रक धाडलं. त्यात दोनच गोष्टी: किनाऱ्यावर उतरायच्या आधी वाटेतल्या बसस्थानकावर गाडी अर्धा तास थांबवा, आणि लहान मुलांना समुद्राकाठच्या साचलेल्या पाण्यात सोडू नका, ते कितीही उथळ असलं तरी. पहिली गोष्ट बऱ्याच शाळा पाळतात. दुसरी पाळायला शिक्षक कचरतात. लाट दिसते, जंतू दिसत नाही, आणि बुडालेल्या मुलाची जबाबदारी जुलाब झालेल्या मुलापेक्षा फार मोठी आहे. मला हे पटतं. म्हणूनच दोरी आखलेली, जीवरक्षक असलेली उथळ जागा मुलांसाठी वेगळी हवी. नुसत्या मनाईने भागणार नाही.

किनारा सफाईच्या मोहिमांबद्दल एक शब्द. २०२२ मध्ये देशभर ७५ दिवस, ७५ किनारे अशी मोठी मोहीम झाली, सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी किनारा सफाई तर दरवर्षी होतेच. आमचे विद्यार्थी जातात, पोती भरभरून प्लास्टिक आणतात. ते व्हायलाच हवं. पण त्या दिवशी किनारा चकाचक करून परतणाऱ्यांपैकी कुणी केवड्याच्या जाळीखाली वाकून बघत नाही. पाइप तिथेच होता, किती हंगाम, कोण जाणे.

राहिलेलं

व्हाळ शौचालयापाशी सुरू होत नाही. वर गावात घरं आहेत, दोन-तीन लॉज आहेत, त्यांच्याही टाक्या आहेत, आणि पाइप बंद झाल्यावरही डबक्याचा नमुना समुद्राच्या मर्यादेत आलेला नाही. आधीपेक्षा बरा आहे, इतकंच. वरपर्यंत चालत जाऊन एकेक घराचं सांडपाणी कुठे जातं ते लिहून काढायचं काम अजून अर्धवट आहे. लोक स्वतःच्या टाकीबद्दल बोलायला तयार नसतात; पर्यटकांच्या घाणीबद्दल विचारा, तासभर सांगतात.

दुसरं, टाकी उपसली तो मैला टँकर घेऊन गेला. कुठे नेला? ड्रायव्हर म्हणाला, "लांब." मैलागाळावर प्रक्रिया करणारा शहरपातळीवरचा प्रकल्प कर्नाटकात देवनहळ्ळीला २०१५ पासून आहे, देशातला तसा पहिलाच. किनाऱ्याच्या पट्ट्यात पावसाचं प्रमाण पाहता वाफे उघडे ठेवून मैला वाळवता येत नाही, त्यावर छप्पर लागतं, खर्च वाढतो. जवळपास सोय नसेल तर टँकरवाला ओढ्यातच सोडणार, आणि तोही ओढा कुठल्यातरी किनाऱ्याला मिळणार. पंचायतीने पुढच्या उपसणीला पावतीवर रिकामं करायची जागा लिहून घ्यायची, असं ठरवलंय.

माझ्या विद्यार्थ्यांनी हीच वही आता खानापूरला मलप्रभेच्या घाटावर उघडली आहे. हा खानापूर तालुका चमत्कारिक आहे: कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, आणि त्याच तालुक्यातल्या देगावची म्हादई पणजीजवळ अरबी समुद्रात. घाटावर वाळूचा बांध नाही, पण उन्हाळ्यात पाणी कोंडीत साचून राहतं आणि पहिल्या पुराला सगळं एकदम वाहून जातं. नमुना कुठल्या दिवशी घ्यायचा यावर मुलांचे दोन तट पडलेत. एक गट म्हणतो महाशिवरात्रीच्या आंघोळीच्या सकाळी, दुसरा म्हणतो पहिल्या वळिवानंतरच्या पहाटे. मी दोन्ही दिवशीच्या बाटल्या निर्जंतुक करायला टाकल्यात.